डुप्लिकेट

बार्न्सलीबाहेरच्या ओल्या कुरणात
रविवारी सकाळी सहाला
गाड्यांच्या डिक्या उघडतात आणि लोक
आपापले पोटमाळे गवतावर मांडतात.
आम्ही जमवणारे तेव्हाच येतो, टॉर्च घेऊन,
पाच-सहा जण, एकमेकांची नजर चुकवत,
विहिरीत पडलेली बादली शोधावी तसे
दुसऱ्यांच्या खोक्यांत गळ टाकत.

प्लास्टिक किती पिवळं पडलंय त्यावरून मला साल सांगता येतं.
तळाचे स्क्रू कुणी उघडलेत का, ते बोटाला कळतं.
घरी अकरा आहेत. अकराही ओरिजिनल.
बायको म्हणते, अकरा पाहुणे आणि एकही चहा घेत नाही.

हेबलथ्वेट बाईंच्या टेबलावर बारावा होता:
राखाडी, खोक्यासकट, आतलं थर्मोकोलसुद्धा शाबूत.
"डॅरनने स्वतः घेतलेला, घरोघर पेपर टाकून.
एकशे वीस. भाव त्यानेच बघून दिलाय,
मी खाली येणार नाही."
मी शंभरवर अडलो, सवयीने.

मग टेबलाखाली
इस्त्री आणि अंडी उकडायच्या मशीनच्या मधे
तो दिसला.
लाल-पांढरा. हलका. नावात एक अक्षर चुकलेलं.
खोक्यावर दुसऱ्याच कुठल्या मशीनचा फोटो,
आणि पिवळी कॅसेट:
नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव गेम.

"ते नको बघूस, राजा," बाई म्हणाल्या. "नकली आहे.
मार्केटात घेतलं होतं, खाण बंद झाली त्या नाताळात.
डॅरनला खरं हवं होतं.
कागद फाडला, बघितलं, झाकण परत लावलं.
रडला असता तर बरं झालं असतं.
'थँक्स, मम्मी' म्हणाला, आणि जेवायला बसला."

काय सांगणार होतो मी त्यांना?
की दोन-तीन वर्षांनी बार्शीत, स्टँडमागे,
खोतांच्या शिलाईच्या दुकानात
हाच, अगदी हाच लाल-पांढरा,
तासाला पाच रुपये, आणि आम्ही ओळीत उभे;
की कॅसेट अडली तर तिच्यात फुंकर मारायचा मान
फक्त खोतांच्या पोपटला;
की नऊ लाखांतले खरे सातच,
बाकी तेच, नावं बदलून,
हे पक्कं ठाऊक असूनही आम्ही एका मे महिन्यात
चार हजार दोनशे सात नंबरापर्यंत गेलो होतो,
पुढे काहीतरी वेगळं निघेल म्हणून.
ओरिजिनल हा शब्द तेव्हा
फक्त मार्कलिस्टसाठी होता.

"हा केवढ्याला?"
"फुकट ने. खऱ्यावर फुकट."
"खरा नको," मी म्हणालो,
आणि कुणीतरी दुसरंच बोलल्यासारखं मला ऐकू आलं.
मागचा टॉर्चवाला तेवढ्यात पुढे सरकला,
एकशे वीस मोजले त्याने, घासाघीस न करता.

मी वीसची नोट पुढे केली. बाई घेईनात.
दहा. नाही म्हणजे नाही.
मग अंडी उकडायचं मशीन घेतलं, वीसला,
त्यावर दोन पौंडांची चिठ्ठी होती.
बाई हसल्या नाहीत. नोट पाकिटात न टाकता
तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.
"चालतो का, ते आम्ही कधी बघितलंच नाही रे."

चालतो.
एका रिमोटची वायर सोडवली. दुसरीला
कारखान्यातल्या तारेचे दोन पिळे अजून तसेच,
घाईघाईने दिलेले.
बायको दारातून म्हणाली, हा कितीला पडला?
म्हटलं, अंड्यांचं मशीन वीसला. हा फुकट.
ती तिथेच थांबली, चौकटीला टेकून.
मी बटण दाबून धरलं
आणि यादी खाली, खाली नेत राहिलो,
चार हजार दोनशे आठपर्यंत.