न कापलेली पानं

जजसाहेब गेले, तेव्हा त्यांच्या बाईंनी
धानाच्या चुंगड्यांत भरून पाठवली पुस्तकं.
सात चुंगड्या, सुतळीनं शिवलेल्या.
आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं:
एक खोली, दोन कपाटं, आणि एक पंखा
जो तपासणीच्या दिवशीच फिरतो.
दाखल रजिस्टरात लिहीत गेलो
४११ पासून ५८० पर्यंत.
पुरावा आणि साक्ष. निवडणुकांचा इतिहास.
संस्थांची घडण, तीन खंड, मधला नाही.
मधला खंड नसणं
आमच्याकडे नवं नाही.

समासात साहेबांची पेन्सिल,
बारीक, उजवीकडे कललेली.
एका ठिकाणी नुसतं: 'खरं आहे. पण—'
पान उलटून पाहिलं, पुढचंही पाहिलं.
'पण'च्या पलीकडे काही नव्हतं.

सहा महिने कुणी हात लावला नाही.
पोरं पोलीस भरतीचं गाईड नेतात,
म्हातारे पेपरातलं राशिभविष्य वाचून जातात.
वाळवी तेवढी नियमित वाचक,
तळटीपांपासून सुरुवात करते.

मग कौतिका मारबते आली,
पदराला मासोळीचा वास, हातात
ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल.
"मास्तर, हे वाचून सांगा जी."
मामा तलाव पाच वर्षांसाठी
बाहेरच्या ठेकेदारास. सर्वानुमते मंजूर.
"सर्वानुमते मंजे?"
म्हणजे सगळ्यांनी हो म्हटलं.
"माजं त नाही होतं. उभी होऊन सांगतलं.
सचिवानं पाह्यलंबी माज्याकडं.
मंग माजं 'नाही' कोठं गेलं?"

मी मास्तर नाही, मानधनावरचा ग्रंथपाल.
उत्तर येत नव्हतं, म्हणून ५३७ काढलं.
मराठीत ते एकच होतं, कुणाचा तरी प्रबंध,
गावच्या सभा आणि त्यांचे निवाडे,
तीनशे प्रती छापलेल्या.
प्रकरण नववं: भिन्नमत.
उघडायला गेलो तर पानं जुळलेली,
छापखान्यानं दुमडली तशीच, कडा न कापलेली.
आठव्या प्रकरणापर्यंत पेन्सिल होती.
नवव्यात साहेब शिरलेच नव्हते.

तेहतीस वर्षं खुर्चीवर.
मला राग यायला हवा होता.
दिसली ती फक्त त्यांची एक दुपार:
जेवण झालेलं, चाकू शोधायचा कंटाळा.

चाकू माझ्याकडेही नव्हता.
कौतिकानं पिशवीतून काढला
मासे चिरायचा विळा, पदराला दोनदा पुसला.
"द्या इकडं."
एकेक घडी तिनं कापली, गलफडं उघडावीत तशी,
सावकाश, आतलं काही फाटू न देता.
कागदाचा भुसा पडला फरशीवर
आणि एक खवला, चमकणारा,
पान दोनशे अकराला चिकटून बसला.

मी वाचत गेलो. अवघड होतं.
एक वाक्य तर अर्धं पान चाललं,
मधे तीन वेळा 'तथापि'.
प्रत्येक 'तथापि'ला ती मान हलवायची.
"हा मानूस," म्हणाली, "जाळ्यावानी गाठी मारते.
पन गाठ सुटत नाही त्याची."

हाती लागलं ते एवढंच:
विरोध नोंदवला गेला नाही, तर
संमतीलाही पुरावा उरत नाही.
"लिवून द्या."
जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून दिलं.

पुढच्या सभेला मी गेलो नाही.
मानधन पंचायतीतून येतं,
हेही इथं नोंदवून ठेवतो.
ऐकलं ते असं: सचिव म्हणाले,
ठराव झालाय, रजिस्टरात आता जागा नाही.
ती म्हणाली, समास हाये ना जी.

तलावाचं विचाराल तर
प्रकरण तहसीलला आहे. पाणी यंदा कमी आहे.
५३७ अजून तिच्याचकडे,
मुदत केव्हाच उलटली.
दंड रोज पंचवीस पैसे, मी लावलेला नाही.
परवा तपासनीस आले, पंखा फिरला,
त्यांनी बोट ठेवून मोजलं,
म्हणाले, एक पुस्तक कमी भरतंय.
मी म्हटलं, खरं आहे. पण—