टपावरचे प्रवासी

गाडी घेतली त्याच दिवशी वही घातली.
तारीख, लिटर, किलोमीटर,
आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाने सरासरी.
सव्वीस पूर्णांक तीन. सव्वीस पूर्णांक आठ.
कऱ्हाडला जाऊन आलो तेव्हा सत्तावीस,
ते मी दोनदा गिरवलं.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं
ब्युरेटचं वाचन घेतलेला माणूस मी,
थेंबाला किंमत असते एवढंच शिकलो.

आणि शालनने टपावर कॅरियर बसवायचं काढलं.

इलाही तांबोळी म्हणाला, बसवतो, सर, पण वारा अडणार.
हायब्रिड असो नाहीतर बैलगाडी,
तुमच्या वहीचं काही खरं नाही.
आणि पन्नास किलोच्या वर टाकू नका.
एक पेटी बारा किलो, शालन म्हणाली, चार बसतात.
हिशेब तिलाही येतो,
ती फक्त वही घालत नाही.

पेट्या मेढ्याच्या, सातेरी माशीच्या.
न्यायच्या पुसेगावला, बजरंग मुळीकांच्या रानात,
तिथे बियाण्याचा कांदा फुलावर आलाय.
माशी नाही तर बी नाही.
टेम्पोने का नाही?
मागच्या साली टेम्पोत पोळी तुटली,
दोन वसाहती आपल्याच मधात बुडाल्या.
मग डिकीत?
तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

अंधार पडला, शेवटच्या माश्या घरी आल्या,
तिने दारांना जाळ्या लावल्या, पट्टे आवळले.
गाडी सुरू झाली, म्हणजे काहीच झालं नाही;
बॅटरीवर निघते तेव्हा ती सांगत नाही.
टायरखालची खडी तेवढी,
आणि डोक्यावर, पत्र्यापलीकडे,
ओठ मिटून धरलेला एक सूर.

सातारा ओलांडून साठाला पोचलो
तसा वारा पेट्यांवर धडकला.
आकडा घसरला. एकोणीस. अठरा.
चाळीसनं चला, शालन म्हणाली, त्यांना गार लागतंय.
उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेले,
दोन-दोन ट्रॉल्या, वर स्पीकर,
आमची कीव करत.

कोरेगावला पोलिसाने हात केला.
टपावर काय?
माश्या.
तो हसला. पाय उंचावून पेटीला कान लावला.
मग टोपी काढून हातात घेतली,
का, ते त्यालाही ठाऊक नसावं.
जा, म्हणाला, सावकाश.

वर्धनगडच्या चढाला इंजिन जागं झालं,
वरचा सूरही चढला.
उताराला इंजिन झोपलं, बॅटरी भरत गेली,
सूर मात्र बराच वेळ खाली आला नाही.
शालनने खिडकीतून हात वर काढून
पट्टा धरला होता. पट्टा घट्टच होता.

मुळीक बॅटरीला लाल कागद गुंडाळून उभे.
रानात कांद्याचे पांढरे गोंडे, कमरेइतके,
अंधारातही मोजता यावेत असे.
पेट्या उतरल्या, जाळ्या निघाल्या, कुणीच बाहेर आलं नाही.
चहा घेतला. निघालो.

येताना रिकाम्या कॅरियरने शीळ धरली,
पार गोडोलीपर्यंत.
ओझं होतं तेव्हा घातली नव्हती.

रात्री वहीत लिहिलं : सतरा पूर्णांक नऊ.
लाल पेन सापडलं नाही, निळ्यानेच लिहिलं.
पुढे एक नवा रकाना आखला, प्रवासी :
पन्नास हजार, अंदाजे. आणि दोघं.

सकाळी कॅरियर काढायला इलाहीकडे निघालो,
तर दांडीच्या बगलेत एक माशी,
दवाने जड झालेली, पाय हलवणारी.
जाळीबाहेर राहून गेली असणार,
वाऱ्यात धरून बसली असणार,
रानात जाऊन परत आली.

एकटी जगत नाही, शालन म्हणाली,
आणि बशीत साखरपाणी घेऊन आली.
छत्तीस किलोमीटर, मी म्हणालो. नुसते जायचे.
ती काही बोलली नाही.
किल्ली हातात घेऊन मी उभा,
मनात भागाकार मांडलेला, भागत नव्हता.
ऊन पुढच्या दांडीवर आलं होतं,
मागच्या दांडीपर्यंत यायचं होतं.