मोकळं वजन

रिपोर्ट वाचून पद्मल म्हणाली,
"साखर निघाली म्हणे तुमच्यात."
हसू आलं. बावीस हंगाम
पलूसच्या कारखान्यात काट्यावर बसून
दुसरं काय निघणार?

सांगलीच्या दवाखान्यात एका पोरीनं
चपला काढायला लावून
मलाच काट्यावर उभं केलं.
चौऱ्याण्णव.
वहीत लिहिलं, पुढच्याला हाक मारली.
ना पावती, ना सही.

"चालणं किती होतं?"
खुर्चीपासून चहाच्या टपरीपर्यंत
मनातल्या मनात पावलं मोजली: सतरा.
तीही हल्ली मी बब्याला चालायला लावतो.
दिवसाला आठ चहा,
ट्रॉलीवाल्याचा मान कसा मोडायचा,
वर खारी, भडंग,
रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून गुळाचा खडा.
"होतं की थोडंफार," म्हणालो.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
काटा मारला.

घरी येऊन लग्नाचा फोटो काढला.
तेव्हा अठ्ठावन्न असेन.
भरलेलं चौऱ्याण्णव, मोकळं अठ्ठावन्न,
निव्वळ माल छत्तीस किलो.
कुठल्या गटातला, तोड कधीची,
कुणाच्या नावावर टाकू?

आज रात्री तीनला खुर्ची सोडली.
रांगेतली शेवटची बैलगाडी
पार फाटकाबाहेर, ओढ्याजवळ.
तिथवर चालत गेलो.
शेकोटीपाशी बसलेला गाडीवान दचकला,
वाळक्या चिपाडासारखा माणूस, ताडकन उठला.
"काय झालं अण्णा, काटा बंद पडला?"
बोलायला दम पुरेना. नुसती मान हलवली.
त्यानं बसायला पोतं सरकवलं.

मी उभाच राहिलो.