पेटी क्रमांक चारशे सतरा

कराडच्या शेडमध्ये दगड निजवून ठेवलेत
लाकडी पेट्यांत, पाच पाच नळ्या एका पेटीत,
कोयनेकाठच्या भोकातून वर आलेले.
मी त्यांच्यावर आकडे लिहिते:
किती खोल, वर कुठलं, खाली कुठलं.
बाण काढायला विसरायचं नाही.
दगड एकदा उलटा ठेवला
की काळच उलटा वाचला जातो,
असं तळवलकर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

पहिल्या शेकडो पेट्या काळ्या.
काळा, काळा, मग बोटभर तांबडी माती,
पुन्हा काळा.
दोन लाव्हांच्या मधे जमिनीनं घेतलेला दम तो.
कुठं भोकात पांढरी स्फटिकं, साबुदाण्याएवढी.
हा दगड माझ्या ओळखीचा.
याचेच पाटे-वरवंटे डोक्यावर घेऊन
आईनं उंब्रजचा बाजार केला,
याच्याच कपचीनं आप्पांचा डावा डोळा गेला.

मग हजार मीटरच्याही खाली
काळा संपला,
बोलता बोलता माणूस उठून जावा तसा.
खाली करडा-गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचा,
पिळून टाकलेल्या लुगड्यासारखा.
आणि चारशे सतरात एकच तुकडा, हातभर,
पांढरट, किंचित जांभळी झाक,
ओला केला की आत कंदील असल्यासारखा.
‘क्वार्टझाइट,’ मॅडम म्हणाल्या
आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, ही वाळू होती.
कुठल्याशा किनाऱ्यावरची,
शिंपला नव्हता तेव्हाची,
पाऊलही नव्हतं उमटायला.

रविवारी आप्पांना आणलं.
चप्पल त्यांनी दाराबाहेर काढली.
कुणी सांगितलं नव्हतं.
उजवा डोळा जवळ नेत, नखानं वाजवत
काळ्या पेट्यांवरून पुढं गेले:
ह्यो घडीव. ह्यो ठिसूळ. ह्यो सुतात चिरंल.
पांढऱ्यापाशी थांबले.
टिचकी मारली. काशाच्या वाटीसारखा बोलला.
‘याला शीर न्हाई,’ म्हणाले,
‘बिनशिरेचा दगड वडरानं हातात धरू नये.’

मी सांगितलं, जसं मला सांगितलं होतं:
वाळूचा साधा दगड कणांच्या कडेकडेनं फुटतो,
हा कणांच्या आरपार.
कण आता वेगळे उरलेच नाहीत.
‘वितळला?’
नाही आप्पा. तापला, दाबला गेला, लई काळ.
वितळला नाही.

‘त्या पहाटं हाललं ते ह्येच का?’

ती पहाट म्हणजे सदुसष्टची, डिसेंबरातली.
आप्पा सात वर्षांचे, पाटणकडच्या ओढ्याकाठी पालात.
पालाला पडायला भिंत नसते.
उजाडल्यावर आज्जा गावात गेला
आणि ढिगाऱ्यातले चिरे उचलू लागला,
एकेकावर स्वतःच्या टाकीचा घाव ओळखत.
चौथ्या चिऱ्याखाली हात दिसला, बांगड्यांचा.
पुढं त्यानं घराचं काम घेतलं नाही.
पाटे, जाती, उखळी.
जमिनीवर बसून राहणारे दगड तेवढे.

‘हेच असेल,’ मी म्हटलं, ‘नाहीतर याच्या शेजारचं.
तेच तर बघतायत.’

आप्पांनी तळहात ठेवला त्याच्यावर,
पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
‘गार हाय,’ म्हणाले.
मग माझा बाण बघितला.
‘वर म्हंजे हिकडं?’
हो.
बोट बाणावरून खालपर्यंत नेलं,
पेटीच्या लाकडापर्यंत, आणि तिथंच ठेवलं थोडा वेळ.

एसटीला उशीर होता.
स्टँडवर, बराच वेळ गेल्यावर, विचारलं:
‘ती वाळू, वाळू व्हती तवा कुणाची?’
समुद्राची असेल.
‘मालक न्हाई म्हंजे.’
नाही.
‘मग ठीक,’ म्हणाले,
आणि काडीपेटीसाठी सगळे खिसे
दोन दोनदा चाचपत राहिले.