वॉर्ड तीनची यादी

मणेराजुरी, वॉर्ड तीन. नवी यादी आली.
अनुक्रमांक चारशे बारा:
जमदाडे सुयोग बाबासो, वय अठरा, पुरुष.

अर्ज मीच भरून घेतला होता उन्हाळ्यात,
बेदाण्याच्या शेडखाली, गुडघ्यावर कागद ठेवून.
फोटोत हस की जरा, म्हटलं.
"ओळखपत्रावर कोण हसतंय, बाई?"

आता सात नंबरचा अर्ज, नाव कमी करायचा.
"मयत"पुढं खूण करायची, बस्स.
कसा, ते लिहायला जागा नाही.

पंचायतीच्या फळ्यावर:
पाणी एक दिवसाआड.
घरपट्टी एकतीसपर्यंत भरावी.
दर गुरुवारी उपकेंद्रात मनाचे डॉक्टर, मोफत.
पोरांनी "म" पुसलाय. नाचे डॉक्टर.
शिपायाकडनं खडू मागून घेतला,
"म" परत काढला, जरा मोठाच.

मग घरोघर पडताळणी.
नाव बरोबर? जन्मतारीख? फोटो?
एडक्यांचा धाकटा दारात उभा,
पोलीस भरतीतनं दोनदा परत आलेला.
सही झाली, तरी मी हलले नाही.
झोप लागते का रे?
तो बघतच राहिला.
"का? यादीला लागतंय?"
लागतंय, म्हटलं.

पेनाचं टोपण लावत
तो उंबऱ्यावर बसला.