डावा कान

मृणालने स्कॉटलंडहून फोटो पाठवले:
काळा किल्ला, ओली हिरवी टेकडी,
आणि समुद्रात सरळ उतरलेला कडा.
तुम्ही फोन हातभर लांब धरून पाहिलात,
म्हणालात, "एवढंच ना?
समुद्र सोडला तर आपल्याकडे सगळं आहे."

मंगळवारी पहाटे निघालो.
कळण्याच्या भाकरी, ठेचा,
आणि तुम्ही नको म्हणालात तो स्वेटर.
पांझरेवर अजून धूर होता, धुळं झोपलेलं.

तीस वर्षं जिनिंगचं यंत्र तुमच्या डाव्या हाताला.
सरकी एकीकडे, रुई एकीकडे,
आणि डावा कान
कुणाला न विचारता त्याच्याकडे जमा.
घरात मी जागा बदलून बसते,
ताटापाशी उजवीकडे, अंथरुणात उजवीकडे.
पण गाडीत
माझी जागा नेमकी त्या कानापाशी.

सोनगीरला किल्ल्याखाली तांबट ठोकत होते.
मी म्हटलं, एखादी गुंडी बघायची का?
तुम्ही म्हणालात, "हो, थंडी आहे जरा."
आणि काच वर केलीत.

नरडाण्याच्या पुढे बाभळींना रुई लटकलेली,
ट्रकांनी सांडत नेलेली.
"माल ओला आहे," तुम्ही म्हणालात,
ऐंशीच्या वेगात, चष्म्याशिवाय.

थाळनेरला एक बुरूज तेवढा सापडला.
बाकीचा किल्ला कुठे, विचारलं
तर शेळ्या राखणाऱ्या पोराने
नदीकडे नुसती हनुवटी केली.
खाली तापी, बॅरेजने थोपवलेली,
पलीकडच्या दादरच्या शेतापर्यंत सपाट.
"धर, हाच समुद्र."
धरला.
भाकरी खाताना मी तुमच्या उजवीकडे बसले होते
आणि बोलायला काहीच सुचलं नाही.

सुचलं ते शहाद्याच्या अलीकडे.
दोन्ही बाजूंना पपया, खोडाला बिलगलेल्या,
समोर उसाची बैलगाडी, ओव्हरटेकला जागा नाही.
मी समोर बघत म्हटलं:
चौऱ्याण्णव साली, वैशाखात,
मी एकदा पिशवी भरून स्टँडवर जाऊन बसले होते.
पोरगी मांडीवर.
चोपड्याची गाडी लागली, सुटली.
मग दुसरी लागली, तीही सुटली.
मग दूधवाल्याची वेळ झाली, म्हणून घरी आले.

बैलगाडी शेतात वळली.
तुम्ही म्हणालात, "पपई यंदा लवकर पिकली."

तोरणमाळला सीताखाईच्या काठावर
जमीन एकाएकी संपते.
समोर दरी, आणि दरीत इतकं खाली एक झाड
की त्याच्यावर बसलेला पक्षी
आपल्याला वरून दिसतो, पाठ दिसते त्याची.
वारा असा की दोघेही सारखेच बहिरे.
तुम्ही स्वेटर मागितलात.
मी काही बोलले नाही, तुम्हीही नाही,
पावरा बाईकडून बोरं घेतली, दहाची,
ती मात्र दोघांनी मोजून खाल्ली.

परत येताना तुम्ही गाडीपाशी थांबलात,
किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीत.
बावन्नाव्या वर्षी शिकलेली मी,
देवपुराच्या पलीकडे कधी सोडलं नव्हतंत.
"अंधार पडतोय. मला दिसत नाही,"
असं म्हणालात, आणि फिरून
माझ्या जागेवर जाऊन बसलात.

सात वळणांचा घाट.
पहिलं वळण, पहिला गिअर.
हाताशी दरी, काचेवर माझेच घाबरे डोळे,
आणि डावीकडे तुम्ही, सीट मागे सारून,
उजवा कान माझ्या बाजूला.
तिसऱ्या वळणावर खाली पाड्यातला एक दिवा दिसला, गेला.
चौथ्यावर तुम्ही म्हणालात,
घरात फक्त म्हातारीशी बोलायचात त्या बोलीत:
"त्या दिन पिशवीमा काय काय भरेल व्हतं?"

मी आधी वळण पुरं केलं.

"दोन पातळं. पोरीची झबली.
आणि का कोण जाणे, तुमची बॅटरी."

"तरीच," तुम्ही म्हणालात,
"त्या रात्री लाईट गेली तर सापडेना."