सातवी उघाडी

आचऱ्याच्या खाडीकाठी, पोस्टाच्या वरच्या खोलीत
मी दोन वर्षं एक बंधारा बांधतेय.
माती नाही, दगड नाही. सगळा पडद्यावर.
सात उघाड्या, प्रत्येकीला एक फळी,
पलीकडे भातशेती, अलीकडे खारं पाणी,
आणि आभाळात कलेकलेनं सरकणारा चंद्र.
फळी भलत्या वेळी उचलली
की शेत खारवतं, खेळ पुन्हा ओहोटीपासून.

सहा उघाड्या लोक उघडतात.
सातवीपाशी वहीत नुसती खाडाखोड:
पुण्याचा निनाद, सत्तेचाळीस मिनिटं, सोडला.
नागपूरची वेदांती, एक तास दहा,
आणि खाली एक ओळ, "मीच मठ्ठ आहे का गं?"
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.
माणसाला मठ्ठ म्हणणारं कोडं
कोडं नसतंच,
पाहुण्यांसमोर म्हणायला लावलेला पाढा असतो तो.

उत्तर तर केवढंसं.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
चार पाउणे तीन.
सहा पाउणे साडेचार.
जेटीवरच्या इनासनं दोन मिनिटांत फळी उचलली
आणि विचारलं, "ह्येच्यात कोडा खंय आसा?"

मग मी चंद्राखाली पाटी लावली, पाढ्यासकट.
निनादला चाळीस सेकंद लागले.
म्हणाला, "ठीक आहे."
नारळ कानाशी हलवावा
आणि आत पाणी नसावं, तसं ते ठीक आहे.

पाटी काढली.
इन्व्हर्टर कुंईकुंई करेपर्यंत जागून
दुसऱ्या पातळीत चार दिवसांचा चंद्र टांगला,
देवळात तीन टोले, पाणी खांबाच्या डोक्याला.
चौथीत चंद्र आठ दिवसांचा, टोले सहा.
आणि एक कुर्ली,
पाणी यायच्या जरा आधी बिळातून वर निघणारी.
शब्द एकही नाही.
कुर्ली मोठी केली की बोट दाखवल्यासारखी होते,
लहान केली की चिखलात मिसळते.
तीन आठवडे मी तिला वाढवतेय, घटवतेय,
आणि ती बरोबर केव्हा होते ते मला कळणारच नाही.
स्वतःच्या कोड्यात आता अडकता येत नाही मला.
झोपेतसुद्धा मी ती फळी वेळेवर उचलते.

काल भारती तारी खुबे द्यायला आली.
तिला थेट सातवीवर बसवलं.
चंद्राकडे एकदा बघून म्हणाली,
"पानी अजून चढतला. रव."
आणि आम्ही दोघी थांबलो,
मी दोन वर्षं बांधलेल्या पाण्यासमोर, गप्प.
फळी वर गेली. शेत गोडं राहिलं.
मी पेन उचलेपर्यंत ती म्हणाली,
"आता पयल्यापासून लाव."

पहिली पातळी. एक गडगा, त्यावरून उडी.
ती मी कुणाचीच मोजली नव्हती.
भारतीचा अंगठा एका बटणावर,
दुसरं बटण सापडेना,
पडद्यावरची बाई गडग्यावर आपटतेय,
मागे येऊन पुन्हा आपटतेय,
भारती पदरानं घाम पुसत हसतेय,
"गे, तुझ्या ह्या बायेक गडगो चढाक येणा नाय?"

वीस मिनिटं झाली तरी ती उठली नाही.
मी वहीचं पहिलं पान उघडलं,
जिथं कधीकाळी "सोपी" असं लिहून
खाली दोनदा रेघ मारली होती.
परातीत खुबे हळूहळू तोंड उघडत होते.